टोन टाकून देता का, ताई?

मी धुळ्याच्या एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवते. नवे टोनही मीच भरते, म्हणजे संबळ, सनई, पावरी असे मशीनमध्ये मुळात नसलेले आवाज. हे एकदा चार लोकांना कळलं, की बघा! लोक टोन मागायला येतात आणि जाताना एकेक किस्सा ठेवून जातात. आता इतके साठलेत, की सांगितले नाहीत तर माझंच डोकं हँग होईल!

* * *

सुरुवात आमच्या मालकांपासून, नानांपासून. मी म्हटलं, "नाना, नवे टोन हवेत तर एक्स्पान्शन लागेल." म्हणजे मशीनमध्ये भरायचं टोनचं जादा सॉफ्टवेअर.

दुसऱ्या दिवशी नाना ऐटीत आले. हातात पिशवी, पिशवीत एक्स्टेन्शन बोर्ड!

"मजबूत शे! चार प्लग बसतात!"

* * *

मग कुणीतरी नानांना टोनने भरलेला पेन ड्राईव्ह दिला. मी जेवायला गेले तेवढ्यात यांनी तो माझ्याच कीबोर्डला लावला. मशीनने बिचाऱ्याने विचारलं होतं, जुने टोन पुसले जातील, चालेल का? नानांनी 'येस' दाबलं!

मी वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं गेलं. बॅकअप घरी होता म्हणून वाचले. पण आम्ही बाहेरगावी आणि संध्याकाळी कार्यक्रम, त्याचं काय? मी रडकुंडीला आले.

"अहो नाना, वाचलं नाही का?"

"वाचायचं कशाला? मोबाईलवर पण येसच दाबतो ना आपण!"

* * *

देवपुरात माझी एक विद्यार्थिनी आहे. तिच्या पप्पांचा फोन. "ताई, पावरीचा टोन व्हॉट्सॲपवर टाका."

"तुमच्या कीबोर्डला यूएसबीच नाही, भाऊ. त्यात बाहेरचं काही जात नाही."

"दुकानदार तर म्हणाला सगळं होतं!"

"मग दुकानदाराला सांगा टाकायला."

"त्यानेच तुमचा नंबर दिला!"

* * *

जळगावला एका घरी टोन टाकायला गेले. दार उघडणाऱ्या गृहस्थांनी माझ्या मागे जिन्यात वाकून पाहिलं.

"भाऊ नाही आले?"

"कोणते भाऊ?"

"टोन टाकणारे."

दात-ओठ खात आत गेले. इन्स्टॉल सुरू केलं, बजावलं, "संपेपर्यंत कुणी हात लावू नका." आणि चहाला बसले. परत येऊन बघते तर स्क्रीन काळी! घरातल्या अक्कांनी बटण बंद केलेलं.

"कोणी वाजवत तर नव्हतं. उगाच कशाला चालू?"

पहिल्यापासून सगळं पुन्हा! आणि निघताना ते गृहस्थ म्हणतात, "भाऊंना नमस्कार सांगा."

* * *

आता आबांचं ऐका. आबा आमचे संबळवाले. हयात गेली लग्नांत वाजवण्यात. एकदा नाना म्हणाले, "आबा, माइक टेस्ट करायचाय, जरा वाजवा." आबांनी जीव ओतून वाजवलं. नानांनी ते गुपचूप रेकॉर्ड केलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"हा टोन टाक. आता आबांची गरज नाही."

मी तोंडावर सांगितलं, "टाकणार नाही!" नानांनी दुसऱ्या कीबोर्डवर तो जळगावहून टाकून आणला आणि स्वतःच वाजवायला बसले. आबांना साधा निरोपसुद्धा नाही!

पुढे जळगावजवळच्या एका गावात लग्न होतं. आबा नवरीकडचे पाहुणे निघाले, पंगतीत बसलेले. मला त्यांच्याकडे बघवेना. इकडे नानांनी की दाबली आणि संबळ असा घुमला, की पोरं मांडवातच नाचायला लागली. आबांचा घास हातातच राहिला.

नवरीचे वडील खूश! टोपी, टॉवेल, नारळ घेऊन थेट स्टेजवर आले.

"संबळ कोनी वाजाडा? त्याले बलावा!"

नानांनी केसांवरून हात फिरवला, उठून मान पुढे केली.

आबा पंगतीतून उठले. शांतपणे हात धुतला, धोतराला पुसला. स्टेजची पायरी चढले आणि नानांच्या पुढे येऊन उभे राहिले.

"मी वाजाडा."

टोपी आबांच्या डोक्यावर गेली. नाना मान पुढे करून तसेच उभे!