गोड वासाचा लंगोट
गुळाचा पाक करपायला लागला, की मुरबाडजवळच्या माझ्या माहेरची पाचवीची पूजा आठवते. माझ्या पहिल्या लेकाचा ओला लंगोट बदलताना काकूनं तो हुंगला. "गुळासारखा वास येतोय गो! सटवाई याचं नशीब गोडच लिवनार." सगळ्या बायका हसल्या. दोन दिवसांत त्यानं दूध ओढणं सोडलं, तेव्हा आई माझंच दूध चमच्यानं त्याच्या तोंडात सोडत राहिली. जीपनं कल्याणला नेला, तर डॉक्टरांनीही आधी लंगोटच हुंगला. "दुधातली प्रथिनं याला जन्मापासूनच पचत नाहीत, लघवीचा हा गोड वास त्याचाच. आईचं दूधच विष होतंय." परतीच्या जीपमध्ये माझी मांडी रिकामी होती आणि चोळी दुधानं भिजत होती. आता दुसरी झालीय. ती भुकेनं रडते, तरी मी आधी तिचा लंगोट हुंगते, मगच पदराखाली घेते.