कोपऱ्यातला माग आणि सुजाताचं नाव

किस्से म्हंजे कसं हाय, चहाला बसलं की एक निघतो, आणि चहा गार होईस्तोवर त्याला मागं रेटून दुसरा पुढं येतो. आमच्या कारखान्यातले तर सगळे त्या कोपऱ्यातल्या मागाचेच! आमी लग्नाच्या चादरी विणतो, नवरा-नवरीची नावं घालून. मी मागावर, रफिक कॉम्प्युटरवर. नावांचं डिझाइन तोच करतो.

*

एकदा वळसंगच्या लग्नाची चादर निघाली. नवऱ्याचं नाव ठसठशीत, नवरीच्या जागी कोरं कापड! धागा तुटलेला न्हाय, डिझाइन बरोबर. संध्याकाळी फोन आला, नवरी पळून गेली.

मल्लेशम मामा, आमचे जुने विणकर, कानाला हात लावून म्हणाले, "हा माग खोटी जोडी विणत न्हाय."

*

मालक लई हसले. लग्नाच्या वाढदिवसाला स्वतःची चादर मुद्दाम तिथंच लावली. निघालं फक्त मालकीणबाईंचं नाव!

"घरात जिचं चालतं, तिचंच नाव आलं की!" मामा म्हणाले. मालक काय हसले न्हाईत. तेव्हापासून त्या कोपऱ्यात ते एकटे जात न्हाईत.

*

मग माझं ठरलं, अकलूजच्या सुजाताशी.

रफिक आणि मी एका डब्यात जेवायचो. लोक म्हणायचे, काय दोस्ती हाय! दोस्ती कसली, जीव होता माझा त्याच्यावर. पण घरी सोडा, स्वतःशी बोलायची पण छाती न्हवती. म्हटलं, आपली चादर कोपऱ्यातच लावू. तो मागच तिचं नाव गाळंल, आपल्याला तोंड उघडायला नको!

माग सुरू झाला. माझं नाव आलं. मग हळूहळू, एकेक अक्षर करत, 'सुजाता'. आख्खं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हंजे आता तोंड मलाच उघडायला लागणार! रफिक भिंतीला टेकलेला, पांढराफटक.

तिथंच फोन लावला. "सुजाता, हे लग्न नको. तुला फसवणार न्हाय मी. माझा जीव रफिकवर हाय."

टाळ्या थांबल्या. पलीकडून ती म्हणाली, "बरं झालं, आधी बोललात."

लई वर्षांनी छाती हलकी झाली. रफिककडं वळलो, तर तो अजून चादरीकडंच बघत होता.

"दत्ता," तो पुटपुटला, "माझं मनच झालं न्हाय रे... डिझाइनमधी मी तिचं नाव घातलंच न्हवतं."