टायरच्या दुकानात वाजला जिनिंगचा भोंगा

मंडळी, आज दुपारी भोंग्याने दचकला असाल तर माफ करा. तो आमचा होता.

माझे बाबा पांढुर्ण्यातल्या कापसाच्या जुन्या जिनिंगमध्ये बॉयलरवर होते. जिनिंग भंगारात निघाली तेव्हा तिचा वाफेवरचा पितळी भोंगा त्यांनी मागून आणला. तेव्हापासून तो घरात मुकाच होता. आज टायरवाले शेखरभाऊ स्वतःहून म्हणाले, "काका, माझ्या कॉम्प्रेसरच्या हवेवर वाजवून पाहा ना."

पहिल्यांदा नुसतं फुस्स झालं. बाबांनी वरची टोपी दोन आटे खाली घेतली. मग असा वाजला, की समोर संत्री भरून राहिलेले हमाल थांबून पाहू लागले!

पण बाबांचं तोंड उतरलं. "हा आपला आवाज नाही. वाफेवर बारीक वाजे, हवेवर जाडा वाजून राहिला."

तेवढ्यात टाकीतली हवा संपली. गिऱ्हाईक उभं होतं, तरी शेखरभाऊंनी टाकी पुन्हा भरून दिली. या वेळी बाबांनी एक लांब भोंगा दिला आणि मागून एक एवढासा.

"हा छोटा कशाचा?" मी विचारलं. बाबा हसत भोंगा नळीवरून सोडवू लागले.

दोन मिनिटांत घरून आईचा फोन.

"तुझे बाबा निघाले का रे? जिनिंगमधून निघताना देत तसा छोटा भोंगा दिला ना त्यांनी, मी तवा ठेवला. आवाज बसला वाटते, पण वाजवणारे तेच होय."

शेखरभाऊ, एक टाकी हवेचे उपकार कसे फेडू? आणि मंडळी, तुमच्या घरी अशी कोणती खूण होती?