हातोडीखालची पाटी

यार्डात तिला सगळे ठोकेबाई म्हणत. नाव मानाचं की टिंगलीचं, याचा तिने कधी विचार केला नाही. ठोकणं हाच तिचा धंदा होता. शहराच्या टोकाला पत्र्याची लांबलचक शेड होती. तिथे जुने टीव्ही, प्रिंटर, मोबाइल पोत्यांनी यायचे आणि तिच्या ऐरणीवर येऊन संपायचे. हातोडी एकदाच खाली यायची. दुसरा घाव घालावा लागला, तर ती दिवसभर स्वतःवर धुसफुसायची.

यार्डाचा नियम एकच होता. आत काहीही येऊ दे, फाटकातून बाहेर अख्खं काही जाणार नाही. माल पाठवणाऱ्या कंपन्यांची ती अटच होती. मुकादम फाटकाशी स्टूल टाकून बसायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पिशव्या चाचपायचा. दुसरा नियम ठोकेबाईचा स्वतःचा: आधी बॅटरी, मग हातोडी. बॅटरी पोटात असताना घाव पडला की ती फुसफुसते, पांढरा धूर ओकते आणि भडकते. नव्याने लागलेल्या एका पोरीचा अर्धा चेहरा तसाच गेला होता. तेव्हापासून प्रत्येक ऐरणीशेजारी वाळूची बादली असायची. ठोकेबाईने तर घरीसुद्धा पलंगाखाली वाळूचा एक डबा ठेवला होता. मांजर कुठंय तुमचं, असं शेजारणी हसून विचारायच्या.

हात चालवणं तिला जन्मापासून ठाऊक होतं. बाप पट्ट्याने मारायचा, आई उलथन्याने, आणि पाठचा भाऊ जे हाताला लागेल त्याने. तिच्या डाव्या हाताची करंगळी आजही बाहेर वळलेली होती. ती दारात अडकवून भावाने दार आपटलं होतं, आणि कारण काय होतं ते आता दोघांनाही आठवत नव्हतं. त्या घराची एक रीत मात्र पक्की होती. घाव घालून झाला की मारणारा चपला घालून बाहेर पडायचा, मार खाणारा कोपरा धरायचा, आणि बाकीचे पांगायचे. पुढे लग्न झालं. नवऱ्याने पहिल्याच वर्षी तिच्या कानाखाली वाजवली, तेव्हा तिने त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तो चपला घालून बाहेर पडला तो परत आलाच नाही. तिनेही शोधलं नाही.

भावाची मुलगी तिच्याकडे आली ती अशाच एका प्रकरणानंतर. पोर पंधरा वर्षांची, हाडकुळी, आणि मुठी बापाच्या. शाळेत तिने एका मुलीचं तोंड नळावर आपटून पुढचे दात पाडले होते. मुख्याध्यापिकेने आत्या आणि बाप दोघांना समोर बसवून सांगितलं की पुन्हा हात उचलला तर मुलगी थेट सुधारगृहात जाईल. बापाने घरी नेऊन तिला वायरने फोडून काढलं आणि जाहीर केलं की सुधारगृह नको नि शाळा नको, हिला बर्फाच्या कारखान्यात लावतो, लाद्या ओढून ओढून हात आपोआप थंड होतील. ठोकेबाईने त्याला सहामाही परीक्षेपर्यंतची मुदत मागितली. तोवर पोर माझ्याकडे राहील, तिने कुणावर हात टाकला तर तू घेऊन जा. भावाला वाटलं, एक तोंड कमी झालं. तो तयार झाला.

पोर घरात आल्यापासून घरातल्या दोन बशा, एक स्टूल आणि शेजारच्या मुलाचं नाक फुटलं. नाकाचं प्रकरण ठोकेबाईने हातापाया पडून मिटवलं. बोलायला जावं, तर पोर भिंतीकडे तोंड करायची. पुस्तक पुढे ठेवलं की ते भिरकावून द्यायची. शाळेने तिला वाचन सुधारायला म्हणून बालवाडीतलं एक पातळ पुस्तक दिलं होतं, वर पिवळं बदक. वर्गात ती अडखळत वाचायची आणि पुढे जिचे दात पडले ती मुलगी हुबेहूब तशीच अडखळून दाखवायची. हे ठोकेबाईला उशिरा कळलं. कळल्यावर तिने एवढंच विचारलं की मग दोनच दात का पाडलेस. त्या दिवशी पोर पहिल्यांदा हसली.

यार्डात टॅबलेटसारख्या चपट्या वस्तूंना सगळे पाटी म्हणत. एके दिवशी पोत्यातून एक राखाडी पाटी निघाली. तिच्यात उजेड नव्हता, पण पडद्यावर मजकूर होता, कागदावर छापावा तसा. बटण दाबलं, काही हललं नाही. उजेड नाही म्हणजे जीव नाही, ही यार्डाची साधी परीक्षा. पडद्यावर काहीतरी चिकटून राहिलंय आणि यंत्र मेलंय, असं ठोकेबाईने ठरवलं, आणि बॅटरी काढायला पेचकस उचलता उचलता तिची नजर ओळींवर गेली. नदीच्या मधल्या पात्रात होडी, होडीत दोन भाऊ. थोरल्याने कुऱ्हाड उचलली. धाकट्याने वर पाहिलं नाही; तो दोर सोडवत होता. तिथेच पान संपत होतं.

तिने पेचकस खाली ठेवला. मेलेल्या वस्तूला अख्खं कोण म्हणेल, असं स्वतःला समजावत तिने पाटी डब्याच्या पिशवीत तळाशी सरकवली. मुकादमाने पिशवी चाचपली, वर रिकामा डबा लागला, आणि त्याने तिला जाऊ दिलं. घरी येऊन तिने पाटी पोरीपुढे टाकली.

"घे. तुमच्या घराण्याची गोष्ट आहे."

पोरीने ते एकच पान किती वेळा वाचलं असेल, कोण जाणे. त्यावर काही उलटायचं नव्हतं, जाडी नव्हती, बदक नव्हतं. चार दिवसांनी ठोकेबाई कामावरून आली, तर पोर ते पान तोंडपाठ म्हणत होती, न अडखळता. मग एका संध्याकाळी तिने आत्याच्या मोबाइलचा चार्जर पाटीच्या बुडाशी खुपसून पाहिला. तो बसला. थोड्या वेळाने पडदा काळा झाला, पुन्हा पांढरा झाला, आणि पोरीचं बोट लागताच पान बदललं. ती किंचाळून मागे सरकली. मग पुन्हा पुढे आली.

कुऱ्हाड खाली आली होती. धाकटा मेला होता.

"बरं झालं," पोर म्हणाली. तिला मारामारी बरी कळायची.

पण गोष्ट तिथे थांबेना. थोरल्याला आता होडी काठाला न्यायची होती आणि वल्ही मारताना पाय कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. मग घर आलं. आईने दोन ताटं मांडली होती. पानामागून पान जात होतं आणि तो माणूस अजून नखातलं रक्त काढत होता. पोर वैतागायची. मारून झालं ना, मग आता हे काय दळण, असं आत्याला विचारायची, आणि पुन्हा डोकं खुपसायची. अक्षरं तिने बोराएवढी मोठी करून घेतली होती. अडलेल्या शब्दावर बोट दाबून ठेवलं की अर्थ उमटायचा. कुणाला विचारावं लागत नव्हतं, कुणी ऐकून हसत नव्हतं. शाळेत तिने पाटी वहीत लपवून नेली. आपण काय वाचतोय, कितवीचं वाचतोय, हे वरून कुणालाच दिसत नाही, याची तिला फार गंमत वाटायची.

हळूहळू ती मोठ्याने वाचू लागली, कारण ठोकेबाईला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नव्हतं आणि चष्मा मधल्या काळात पोरीनेच फोडला होता. ठोकेबाई भांडी घासता घासता ऐकायची आणि थोरल्याला शिव्या घालायची. पण मनात तिला एक गोष्ट टोचत राहिली. आपल्या घरात घावानंतर काय होतं, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. तोवर सगळे पांगलेले असायचे.

परीक्षा आठवड्यावर आली असताना, सुटीच्या दिवशी भर दुपारी भाऊ दारात उभा राहिला. शेजारच्या मुलाचं नाक त्याच्या कानावर गेलं होतं. म्हणजे अट मोडली होती. कारखान्यात बोलून ठेवलंय, सामान बांध, असं त्याने मुलीला फर्मावलं. पोर जमिनीवर बसून वाचत होती. पान अर्ध्यावर होतं. तिने वर पाहिलं नाही.

त्याने तिच्या वेणीला हिसडा दिला आणि तिला फरफटत दाराकडे नेलं. ठोकेबाई मध्ये पडली, तिने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. त्याने तिला झटकलं. तिचं कपाळ कपाटाच्या कोपऱ्यावर आदळलं, भुवई फाटली आणि एका डोळ्यावर रक्ताचा पडदा आला. ती पलंगाला टेकून खालीच बसली. उरलेल्या डोळ्याने तिने पाहिलं, की भाऊ पाटी उचलायला वाकलाय, आणि त्याच्या मागे पोर उभी आहे. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली आत्याची हातोडी तिच्या हातात होती. दांडा तिने अगदी टोकाशी धरला होता, आत्याने शिकवलं होतं तसा. एका घावात काम होईल, असाच तो हात होता.

हातोडी वर गेली आणि वरच राहिली. पोरीचे ओठ हलत होते. थोरल्याने कुऱ्हाड उचलली, ते पान ती पुटपुटत होती की काय, हे ठोकेबाईला कधीच नीट कळलं नाही.

भाऊ वळला. मुलीचा हात वर पाहून तो आधी थबकला, मग हसला. बापावर हात उचलतेस, म्हणत त्याने तिच्या थोबाडीत भडकावली आणि हातोडी हिसकावून घेतली. ह्या भिकार डबड्यानं चढलीयेस काय, हेच फोडतो आधी. त्याने पाटी फरशीवर टाकली आणि तिच्यापुढे गुडघा टेकला.

आधी बॅटरी. एवढे दोन शब्द ती बोलली असती, तरी तो थांबला असता. ठोकेबाईच्या जिभेवर ते होते. रोज शंभरदा येणारे शब्द. तिने तोंड मिटून घेतलं.

पहिल्या घावाला पडदा तडकला. दुसऱ्याला पाटी फुगल्यासारखी झाली आणि फुसफुसली. त्याला कळलं नाही. तिसरा घाव पडला आणि खोलीत पांढरा झोत उसळला. भावाच्या बाहीने पेट घेतला. कापड वितळून हाताला चिकटलं. तो गुरासारखा ओरडत हात भिंतीवर आपटू लागला, आणि जिथे आपटेल तिथे आग चिकटत होती. वाळूचा डबा ठोकेबाईच्या हाताशी होता, पलंगाखाली, वाकड्या करंगळीपासून वीतभर. तिचा हात हलला नाही.

पोर तिच्या अंगावरून झेपावली. तिने डबा ओढला, बापाला ढकलून खाली पाडलं आणि सगळी वाळू त्याच्या हातावर ओतली. उरलेली पाटीवर. मग तिने बादलीभर पाणी आणलं आणि त्याचा हात त्यात बुडवून धरून ठेवला. तो शिव्या देत होता, मग रडू लागला. पोर हलली नाही. कुणी चपला घातल्या नाहीत. त्या घराण्यात हाणामारीनंतर तिघं एकाच खोलीत बसून राहायची ही पहिलीच वेळ होती.

दवाखान्यात भावाने स्टोव्ह भडकला असं सांगितलं. डॉक्टरांनी ठोकेबाईच्या भुवईकडे पाहिलं, पोरीच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं, आणि तुमचा स्टोव्ह भलताच मारकुटा दिसतोय, एवढंच म्हणाले. भावाच्या उजव्या हाताची दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. निघताना तो बहिणीकडे न पाहता बोलला.

"राहू दे तिला तुझ्याकडे, ताई. तिनं उचलली होती हातोडी. मारली नाही."

दवाखान्यातून दोघी परत निघाल्या. वाटेत पोरीने विचारलं, "आत्या, तू बॅटरीचं का बोलली नाहीस?"

"तुलाही माहीत होतंच की. तू का नाही बोललीस?"

"मला सुचलं नाही. तू विसरत नाहीस."

रस्ता ओलांडताना ठोकेबाईने पोरीचा हात धरला आणि ओलांडल्यावरही सोडला नाही.

गोष्ट मात्र अर्धीच राहिली होती, आणि ते पोरीला चैन पडू देईना. थोरल्याने आईला सांगितलं का? परीक्षा झाल्याबरोबर दोघी सार्वजनिक वाचनालयात गेल्या. ठोकेबाईच्या भुवईवर टाक्यांचे ताजे वण होते, पोरीचा गाल अजून पिवळा होता. ग्रंथपाल बाईंनी पुस्तकाचं नाव विचारलं. नाव पोरीला माहीत नव्हतं. पाटी नेहमी वाचलं तिथेच उघडायची. मुखपृष्ठ तिने कधी पाहिलंच नव्हतं. लेखकही नाही. ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून दोघींना न्याहाळलं, बहुधा पोलिसांना बोलवावं का, या विचारात. तेव्हा पोरीने डोळे मिटले आणि ते पान म्हणायला सुरुवात केली. होडी, भाऊ, कुऱ्हाड, दोर. शेवटच्या ओळीपर्यंत ती कुठेही अडखळली नाही. बाईंनी त्यातलं एक वाक्य संगणकावर टाकलं, उठल्या आणि आतल्या कपाटातून एक पुस्तक घेऊन आल्या.

ते विटेएवढं जाड होतं. पोर एक पाऊल मागे सरली.

"हे? हे नाही. एवढं मी वाचलेलंच नाही."

बाईंनी मधलं पान उघडून दाखवलं. तेच पान होतं. पोरीने डाव्या बाजूच्या पानांचा गठ्ठा चिमटीत धरला, मग उजव्या बाजूचा, आणि दोन्हींकडे संशयाने पाहत राहिली. आधी हे असं दिसलं असतं, तर हात लावला नसता, असं तिने आत्याला हळूच सांगितलं. बाईंनी ऐकलं असावं. आमच्याकडे पुस्तकं वाचायचं चपटं यंत्रही मिळतं, हे पुस्तक त्यात आहे, घरी नेता येतं, असं त्या म्हणाल्या.

पोरीने यंत्र घेतलं. ठोकेबाईने ते तिच्या हातातून घेऊन उलटसुलट केलं, बॅटरी कुठे असेल ते बोटाने चाचपलं आणि परत दिलं. मग दोघी बाहेर पायरीवर बसल्या. थोरला ओसरीवर उभा होता, आई दुसरं ताट झाकून ठेवत होती.

"वाच," ठोकेबाई म्हणाली.