पहिले कडवे

माझ्या मैत्रिणीच्या, शोभाच्या, भावाचा दुपारी फोन आला. "ताई गेली," एवढेच तो म्हणाला. मी हातातला पेपर तपासून संपवला आणि मग रडले… दवाखान्याच्या फेऱ्यांनी आम्हा सर्वांना इतके थकवले होते, की दुःखालाही चटकन उठता आले नाही.

नवीन जालन्यात तिचा संगणक वर्ग होता. विद्यार्थिनी गेल्या की ती एक खेळ लावी. गाणे सुरू होते, पडद्यावर बाण सरकू लागतात आणि जमिनीवर पसरलेल्या चटईच्या त्याच बाणावर ठेक्याला पाय पडावा लागतो. कोणत्या शब्दाला कोणता बाण, हे कुणीतरी आधी बसवावे लागते. शोभाला त्याचेच वेड. तिने निवडलेले गाणे पुष्कळांनी गायलेले, वरातीच्या बँडनेही सोडले नव्हते. तिने त्यातले सर्वांत जुने, संथ ध्वनिमुद्रण घेतले. तिचे हृदय दुबळे, म्हणून चाचणीला पाय माझे. पन्नाशीला टेकल्यावर, दार लावून, मी नाचायला शिकले. दुसरे कडवे जमे. पहिले तिने फार दाट बसवले होते.

"इतिहास शिकवून राह्यलीस का नाचून राह्यलीस? पाय उचल की बाई!"

"बाण कमी कर ना थोडे."

"बिलकुल न्हाई. गाणारीनं शब्द सोडला न्हाई, मंग आपण का सोडायचा?"

फक्त दोन कडव्यांमध्ये, गायिका श्वास घेते तिथे, तिने जागा मोकळी ठेवली. हे गाणे एकदा स्वतः पुरे नाचायचे, एवढीच तिची इच्छा होती. एका दुपारी माझे न ऐकता ती चटईवर चढली. पहिले कडवे न चुकता नाचली. मोकळी जागा आली आणि थांबली. ओठ निळसर, चेहऱ्यावर हसू. "पुढचं तू," म्हणत बाजूला झाली. मी चढले. गाणे पुरे झाले.

"झालं ना बराबर?" खुर्चीत बसत ती म्हणाली. "दोघींत एक."

तिच्या भावाने संगणक आणि चटई माझ्याकडे पोचवली. परवा गाणे लावले. पहिले कडवे तिचे, म्हणून मी बाहेर उभी राहिले. नंतर चढायचे ठरवले होते. रिकाम्या चटईवरून बाण निघून जात राहिले… सलग चुका झाल्या की हा खेळ गाणे तोडतो. माझी पाळी येण्याआधीच पडदा काळा झाला.

आता संध्याकाळी मी पहिल्या शब्दापासूनच चढते. पहिले कडवे अजून जमलेले नाही.