चढावर तापणारी टोचनगाडी

वाटूर फाट्याच्या आसपास गाडी बंद पडली की लोक सत्यशीलाला फोन लावतात. टोचनगाडी घेऊन ती येते, साखळी स्वतः अडकवते आणि बंद गाडी मागे लावून निघते.

सासर तिचं मेंढपाळांचं. नवरा बिभीषण अजूनही मेंढरांतच रमतो. इंजिनाच्या आवाजानं त्याचं डोकं उठतं. सासरे आबाराव मात्र तरुणपणीच कळप भावांच्या हवाली करून ट्रकवर गेले. उतारवयात त्यांनी एक जुना डिझेल ट्रक घेतला. मागे क्रेन बसवली, ताकद वाढावी म्हणून इंजिनाला मोठा टर्बो लावला, पंपाचं डिझेल वाढवलं आणि टोचनचं काम सुरू केलं. पुढं नजर अधू झाली. आता गाडी कोण चालवणार, असा घरात प्रश्न पडला, तेव्हा सत्यशीला म्हणाली, "मामा, मी हाय की." माहेरी हसनाबादला ती ट्रॅक्टर चालवायचीच. बिभीषणनं एवढंच विचारलं, "तुला आवडंल का?" ती हो म्हणाली. विषय तिथंच संपला.

यंदा ऊन तापलं तशी गाडीही तापायला लागली. रिकामी असली की ठीक. मागे लोड लागला आणि चढ आला की तापमानाचा काटा लाल रेघेकडं सरकायचा. एकदा मंठ्याच्या रस्त्यावरच्या टेकाडावर भरलेला टेम्पो ओढताना पाणी उकळून बाहेर आलं. टेम्पोवाला वैतागला, दुसरी गाडी बोलावून निघून गेला. अर्ध्यावर सोडलेलं ते पहिलंच काम. सत्यशीलाला ते फार लागलं.

फाट्यावरचे बद्रीनाथ मिस्त्री आबारावांचे जुने दोस्त. त्यांनी रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट नवा टाकला, बेल्ट आवळला. फरक पडला नाही.

"मंग आता इंजिनाचं हेड खोलावं लागंल," मिस्त्री म्हणाले. "हेडखालचं गॅसकीट गेलं आसंल."

"टर्बोच काढून टाकतो मी," आबाराव चिडून म्हणाले. "जसं इंजिन कंपनीतून आल्तं, तसं करून टाकतो."

"थांबा मामा," सत्यशीला म्हणाली. "टर्बो काढला तर भरलेली गाडी ओढणार कशी? आन् मिस्त्रीदादा, गॅसकीट गेलं आसतं तर पाण्यात बुडबुडे आले आसते ना?"

इंजिन थंड होतं, तेव्हा मिस्त्रींनी रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करायला लावली. पाणी शांत होतं. ऑईलची पट्टी ओढून पाहिली; ऑईल काळंच होतं, पाणी मिसळून दुधाळ झालेलं नव्हतं. "बराबर हाय तुमचं," ते म्हणाले. "गॅसकीट शाबूत हाय. हेड न्हाई खोलत."

मग सत्यशीलानं शोध आपल्या हाती घेतला. गाडी कुठं तापते, कुठं नाही, हे ती चालवता चालवता बघू लागली. त्या टेकाडाला दोन्ही बाजूंनी चढ, दोन्हीकडं सारखाच उभा. वाटूरकडून चढताना काटा वर जायचा. मंठ्याकडून येताना तसाच लोड असला तरी गाडी तापायची नाही. तिला कळेना. तेच इंजिन, तोच गिअर, तसाच चढ.

एका दुपारी ती टेकाडाच्या माथ्यावर उतरली. पदर फडफडत मंठ्याच्या दिशेला उडाला. वारा वाटूरकडून येत होता. म्हणजे वाटूरकडून चढताना तो पाठीशी असायचा आणि परत येताना समोरून लागायचा.

घरी येताच तिनं गाडी झाडाखाली लावली, इंजिन चालूच ठेवलं आणि वर्तमानपत्राचं एक पान रेडिएटरच्या समोर धरलं. मधोमध पान जाळीला चिकटून बसलं. कोपऱ्याकडं सरकवलं तर खाली पडलं. तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

आबाराव बाजेवरून उठून आले. "काय करून राह्यली गं?"

"पंखा हवा कुठून ओढतो ते बघून राह्यले. मामा, ह्यो रेडिएटर तुमी हिवाळ्यात बसवला ना?"

"हां. जुना गळत होता. ह्यो मोठ्या गाडीचा हाय. थंडावा जास्ती देतो."

"पंख्याभोवती पत्र्याचं कडं आसतं, ते कुठं गेलं?"

"ते ह्या रेडिएटरला बसंना. काढून टाकलं. त्याचं काय येवढं?"

सत्यशीलाला सांगणं जड गेलं. ही गाडी म्हाताऱ्यानं एकेक नट आवळून उभी केलेली. पण खरं तर सांगायलाच हवं होतं.

"मामा, आपल्या कूलरची एक बाजू उघडी ठेवली तर पंखा वाळ्यातून हवा ओढंल का? उघड्या बाजूनंच ओढंल. इथं तसंच होऊन राह्यलं. कडं न्हाई, म्हणून पंखा बाजूनं इंजिनाचीच गरम हवा घेतो. रेडिएटरचा मधला भागच तेवढा थंड होतो. गाडी जोरात पळती तवा समोरून वारा मिळतो, म्हणून कळत न्हाई. चढावर हळू चालली आन् वारा पाठीमागून आला, की संपलं."

आबारावांनी पान तिच्या हातातून घेतलं. मधे धरलं, कोपऱ्यात धरलं. पान खाली पडलं ते उचलायला ते वाकले आणि वाकूनच पंख्याभोवतीची मोकळी जागा निरखू लागले.

"पत्रा आण," ते शेवटी म्हणाले. "पत्र्याचं काम मला दिसत नसलं तरी हाताला येतं."

माप सत्यशीलानं घेतलं, पत्रा आबारावांनी वाकवला. पाती कड्याला घासणार नाहीत एवढी फट त्यांनी बोटांनी चाचपून ठेवली. वेल्डिंग बद्रीनाथ मिस्त्रींनी केलं. कडं बसल्यावर पान चारही कोपऱ्यांत चिकटलं. तिघंही हसले, पण खरी परीक्षा टेकाडावर होती.

ती वेळ लवकरच आली. मोसंबीनं भरलेला एक टेम्पो फाट्यावर बंद पडला आणि त्याला मंठ्याकडं न्यायचं होतं. भर दुपार, वारा पाठीशी. आबाराव हट्टानं शेजारी बसले. चढ लागला तशी सत्यशीलानं गाडी खालच्या गिअरात घातली. इंजिन गुरगुरू लागलं.

"काटा कुठं हाय?" आबारावांनी विचारलं.

"निम्म्यावर."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"थोडा चढला, मामा. पण थांबला."

माथा आला तरी काटा तिथंच होता. उताराला लागल्यावर आबारावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खिडकीतून येणारा वारा तोंडावर घेतला.

हल्ली चहाच्या टपरीवर कुणी गाडीची चौकशी केली, की आबाराव स्वतःच सुरुवात करतात, "कडं मीच काढून फेकलं व्हतं. सुनंनं पकडलं मला." आणि समोरचा हसायच्या आत पुढं विचारतात, "तुमची गाडी चढावर तापती का? मंग तिलाच दाखवा."