होनाउनाउचं अभयस्थान

सासऱ्यांच्या आजारपणासाठी आम्ही सासू-सासऱ्यांना निपाणीहून बेंगळुरूला आणलं. सासरे इथेच, हेब्बाळच्या दवाखान्यात वारले, आणि सासूबाई आमच्याकडे राहिल्या. दोन वर्षं होऊन गेली तरी त्या सासऱ्यांचा विषय काढत नसत. मी काढला तर उठून आत जात. मला वाटायचं, माझ्यावर राग आहे, आणि तो असणं बरोबरच होतं.

गेल्या वर्षी हवाई बेटांवर नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या दिरानं आम्हा दोघींना बोलावलं. तिसऱ्याच दिवशी तो आम्हाला समुद्राकाठच्या एका जुन्या पवित्र जागी घेऊन गेला. होनाउनाउ तिचं नाव. काळ्या लाव्हाच्या दगडांची, चुना-माती न वापरता रचलेली पुरुषभर उंचीहून मोठी भिंत, पलीकडे गवतानं शाकारलेलं छोटं देऊळ, लाकडी देवांच्या उग्र मूर्ती आणि चहूकडे नारळ. सासूबाईंनी सवयीनं चपला काढल्या. दगड तव्यासारखे तापले होते. जागा दाखवणारी तिथलीच एक वयस्कर बाई होती, तिनं लगबगीनं खुणेनं चपला घालायला लावल्या. देवाच्या दारात चपला घालायच्या म्हणून सासूबाई बराच वेळ अवघडल्या होत्या.

बाई इंग्रजीत सांगत होती, मी मराठीत करून देत होते. पूर्वी इथले सोवळ्याचे नियम फार कडक. एखाद्या बाईनं केळं खाल्लं, पुरुषांच्या पंगतीला बसली, तरी देहदंड. पण चुकलेला माणूस पाठलाग चुकवून, खाडी पोहून या भिंतीच्या आत पोचला, की त्याच्या केसालाही कुणी धक्का लावायचा नाही. पुजारी विधी करायचा आणि तो मोकळा व्हायचा.

सासूबाईंनी मला विचारायला सांगितलं, की इथं किती दिवस राहावं लागायचं. कधी कधी एका रात्रीत सुटका व्हायची, बाई म्हणाली. मग त्यांनी विचारलं, गावी परत गेल्यावर लोक त्याला बोलत नसत का? बाईनं नकारार्थी मान हलवली. तो विषय संपलेला असायचा.

दीर फोनवर बोलत लांब गेला होता. आम्ही दोघी भिंतीच्या सावलीत टेकलो. खाली खडकाळ पाण्यात एक कासव वर येत होतं, परत बुडत होतं. सासूबाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "त्यांनी मला सांगितलं होतं, मला निपाणीला घेऊन चल. दोनदा सांगितलं. मी नाही नेलं."

त्या दिवसांत डॉक्टर म्हणाले होते, दहा-अकरा तासांचा रस्ता झेपणार नाही. ते ऐकून निर्णय मी घेतला होता. नवऱ्याला पटवलं, सासऱ्यांना म्हटलं, जरा बरं वाटू दे, मग जाऊ. चौथ्या दिवशी ते गेले.

मी म्हटलं, "आई, तुम्ही नाही, मी नेऊ दिलं नाही."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बोलत नव्हते. त्यांचं नाव काढलं की तुझा चेहरा उतरायचा. तुला आणखी कशाला टोचायचं?"

त्या रागावलेल्या नव्हत्या. दोन वर्षं मला सांभाळत होत्या. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. दीर परत आला तेव्हा दोघींचे डोळे बघून घाबरला. ऊन लागलं का म्हणून विचारत राहिला.

बेंगळुरूला परतल्यावर एका संध्याकाळी शेजारच्या कन्नड अक्का हवाईची हकिकत ऐकायला आल्या. सासूबाईंनी निपाणीच्या कानडीत त्यांना भिंत, कासव, केळ्याची शिक्षा सगळं सांगितलं. मग आपणहून सासऱ्यांवर आल्या. केळी आणायला गेले की ते दुकानदाराशी कसे तासभर गप्पा मारत बसायचे, आणि घरी येईपर्यंत सगळी केळी रस्त्यात भेटणाऱ्यांना वाटून कशी रिकामी पिशवी हलवत यायचे. मी स्वयंपाकघरात कॉफी करत होते. गॅस बारीक केला आणि बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसले.